जँगोची संगणकावरील स्थापना : पद्धत आणि तिची नोंद

विद्यापीठीय विभागांच्या कपाटांत वर्षानुवर्षे साठलेल्या शब्दचिठ्ठ्या, हस्तलिखितांच्या सूची आणि बोलींच्या पाहणीचे तक्ते संगणकाच्या जाळ्यावर अभ्यासकांस उपलब्ध करून देण्याचे काम आता ठिकठिकाणी चालू आहे. या कामी जी साधने वापरली जातात त्यांपैकी जँगो हे एक होय. त्याची स्थापना कशी करावयाची हे सांगणाऱ्या टिपणांची उणीव नाही. परंतु त्यांत बहुधा आज्ञांची जंत्री असते. आज्ञेमागील कारण वाचकास कळत नाही. ते न कळल्यामुळे पुढे कोणती आपत्ती ओढवते, याचा अनुभव प्रस्तुत लेखकाने घेतला आहे.

एका विभागात बोलीतील शब्दांच्या संग्रहासाठी २०१७ साली एका विद्यार्थ्याने जँगोच्या १.११ या आवृत्तीवर एक आज्ञावली रचली. पुढे तो पदवी घेऊन गेला आणि काही वर्षांनी विभागातील संगणकही बदलला. नव्या संगणकावर जँगो घातले असता त्याची नवी आवृत्ती आली, आणि आज्ञावली सुरूच होईना. एक तक्ता दुसऱ्याशी जोडताना, मूळ नोंद काढून टाकल्यास तिच्यावर अवलंबून असलेल्या नोंदींचे काय करावयाचे, हे सांगणे १.११ मध्ये ऐच्छिक होते. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या २.० या आवृत्तीपासून ते सक्तीचे झाले. शब्द सुरक्षित होते, परंतु ते दाखविणारी यंत्रणा बंद पडली होती. मूळ आवृत्तीचा आकडा कोठेही लिहून ठेवलेला नसल्यामुळे तो अंदाजाने शोधावा लागला. चार ओळींची नोंद असती, तर हे काम एका दुपारी आटोपले असते.

प्रथम जँगो म्हणजे काय ते पाहू. वाचकाने जाळ्यावरील एखादा पत्ता उघडला की सर्व्हरकडे एक मागणी जाते. त्या पत्त्यावरून कोणते काम करावयाचे ते ठरवावे लागते, डेटाबेसमधून माहिती काढावी लागते, ती पानाच्या साच्यात भरावी लागते आणि सिद्ध झालेले पान परत पाठवावे लागते. ही कामे प्रत्येक संकेतस्थळास सारखीच असतात. ती पुनःपुन्हा नव्याने लिहावी लागू नयेत म्हणून तयार करून ठेवलेला जो सांगाडा, त्यास फ्रेमवर्क म्हणतात. जँगो हा पायथन या संगणकभाषेतील असाच सांगाडा आहे. त्याचा जन्म २००३ साली अमेरिकेतील कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. एड्रियन होलोव्हॅटी आणि सायमन विलिसन हे तेथील आज्ञावलीकार होत. बातमीच्या घाईत नवी पाने थोड्या वेळात उभी करावी लागत, ही त्यांची गरज. जुलै २००५ मध्ये हे साधन सर्वांस विनामूल्य खुले झाले. जँगो राइनहार्ट (१९१०–१९५३) या गिटारवादकाचे नाव त्यास दिले आहे. रोमन लिपीत प्रारंभी ‘डी’ हे अक्षर लिहितात, पण उच्चारीत नाहीत.

आता स्थापनेकडे वळू. पुढील आज्ञा टर्मिनलमध्ये रोमन लिपीतच टंकित कराव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

पहिली पायरी पायथनची. संगणकावर त्याची कोणती आवृत्ती आहे ते आधी पाहावे. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जँगोच्या ५.२ या आवृत्तीस पायथनची किमान ३.१० ही आवृत्ती लागते. ५.२ ही दीर्घकाळ आधार मिळणाऱ्या आवृत्तींपैकी आहे. म्हणजे तिच्यातील सुरक्षाविषयक दोषांची दुरुस्ती सुमारे तीन वर्षे होत राहते. ज्या विभागास दर वर्षी आज्ञावली बदलणे परवडत नाही, त्याने अशीच आवृत्ती निवडणे श्रेयस्कर.

दुसरी पायरी स्वतंत्र परिसराची. पायथनमध्ये २०१२ सालच्या ३.३ या आवृत्तीपासून ‘व्हेन्व्ह’ नावाची सोय आहे. तिच्या योगे एक निराळे फोल्डर तयार होते आणि त्या प्रकल्पास लागणारी सर्व साधने तेथेच राहतात. हा परिसर ‘ॲक्टिव्हेट’ या आज्ञेने जागृत केला की टर्मिनलमधील ओळीच्या आरंभी त्याचे नाव कंसात दिसू लागते, आणि ‘पायथन’ या शब्दाचा अर्थ त्यापुढे ‘या फोल्डरातील पायथन’ असा होतो. पुष्कळ जण ही पायरी गाळतात. पण एकाच संगणकावर शब्दसूची जुन्या आवृत्तीवर आणि हस्तलिखितांची सूची नव्या आवृत्तीवर चालावयाची असेल, तर दोन्ही एकत्र ठेवून भागत नाही. एकीची साधने बदलली की दुसरी बंद पडते. मात्र हे फोल्डर उचलून दुसऱ्या संगणकावर ठेवू नये. त्यात मूळ संगणकावरील मार्ग लिहिलेले असतात, त्यामुळे ते तेथे नीट चालत नाही. नव्या जागी परिसर नव्यानेच उभारावा लागतो, आणि म्हणूनच नोंदीची आवश्यकता.

तिसरी पायरी ‘पिप इन्स्टॉल जँगो’ ही. नुसते नाव दिल्यास उपलब्ध असलेली नवीन आवृत्ती येते. यास्तव नावापुढे दोन बरोबरचिन्हे देऊन आवृत्तीचा आकडा लिहावा. जँगोबरोबर त्यास लागणारी आणखी काही लहान साधने आपोआप येतात. त्यांच्याही आवृत्ती असतात. ‘पिप फ्रीझ’ ही आज्ञा त्या सर्वांची यादी देते. ती यादी ‘रिक्वायरमेंट्स’ नावाच्या फाइलीत साठविण्याचा प्रघात आहे. पुढे कोणासही या एका फाइलीवरून तीच साधने त्याच आवृत्तींसह पुन्हा आणता येतात.

चौथी पायरी प्रकल्पाच्या आरंभाची. ‘जँगो-ॲडमिन स्टार्टप्रोजेक्ट’ आणि त्यापुढे प्रकल्पाचे नाव दिले की एक फोल्डर निर्माण होते. त्यात ‘मॅनेज’ ही फाइल असते. पुढील आज्ञा तिच्याकरवी दिल्या जातात. आतील फोल्डरात सेटिंग्जची फाइल आणि पत्त्यांची फाइल असते. त्यानंतर ‘मायग्रेट’ ही आज्ञा दिली म्हणजे डेटाबेसमध्ये वापरकर्ते, त्यांचे अधिकार इत्यादींचे तक्ते तयार होतात. वेगळे काही न सांगितल्यास हा डेटाबेस एसक्यूलाइट या प्रकारचा, म्हणजे एकाच फाइलीत मावणारा असतो. शेवटी ‘रनसर्व्हर’ म्हटले की संगणकावर ८००० या क्रमांकाच्या पोर्टवर सर्व्हर सुरू होतो, आणि ब्राउझरमध्ये रॉकेटचे चित्र दिसले की स्थापना यथास्थित झाली असे समजावे. तथापि हा सर्व्हर केवळ रचनाकाळात वापरावयाचा आहे. लोकांसाठी तो खुला करू नये.

सेटिंग्जच्या फाइलीत चार गोष्टी विशेष लक्षपूर्वक पाहाव्यात. भाषेचे चिन्ह आरंभी अमेरिकन इंग्रजीचे असते; मराठीसाठी तेथे ‘एम-आर’ ही अक्षरे लिहावीत. जँगोच्या ज्या वाक्यांचे मराठी भाषांतर झालेले नाही ती इंग्रजीतच दिसतात, पण आपण भरलेल्या देवनागरी मजकुरास त्यामुळे बाध येत नाही. वेळेचा विभाग नव्या प्रकल्पात ‘यूटीसी’ असा असतो; तो ‘एशिया/कोलकाता’ असा करावा, अन्यथा पानावरील नोंदींच्या वेळा साडेपाच तासांनी मागे दिसतात. तिसरी गोष्ट ‘डीबग’. ती चालू असताना काही चूक झाली, तर आज्ञावलीचा अंतर्भाग पाहणाऱ्यासमोर उघडा पडतो. रचना करणाऱ्यास हे उपयोगी असले, तरी संग्रह लोकांस खुला करण्यापूर्वी ती बंद करणे अगत्याचे आहे, आणि ती बंद केल्यावर कोणत्या नावांनी येणाऱ्या मागण्या स्वीकारावयाच्या हेही तेथेच सांगावे लागते. चौथी गोष्ट गुप्त किल्लीची. प्रवेशाच्या खुणांवर जँगो तिच्या साहाय्याने मोहोर उमटविते. ही किल्ली इतरांस दिसेल अशा ठिकाणी ठेवू नये.

वरील विवेचनावरून वाचकांच्या ध्यानात येईल की, जँगोची स्थापना हे एकदा करून विसरावयाचे काम नव्हे. हस्तलिखिताची प्रत करणारा जसा मूळ पोथीचे स्थान आणि नकलेचा शक लिहून ठेवतो, तद्वत संकेतस्थळ उभारणाऱ्याने पायथनची आवृत्ती, जँगोची आवृत्ती, साधनांची यादी, डेटाबेसच्या फाइलीचे स्थान आणि बदललेली सेटिंग्ज ही पाच टिपणे विभागाच्या दप्तरात ठेवावीत. किल्ली व संकेतशब्द तेवढे निराळे, जबाबदार व्यक्तीकडे असावेत. आणि नोंद पुरी झाल्यावर एकदा दुसऱ्या संगणकावर, दुसऱ्या व्यक्तीकडून, केवळ तिच्या आधारे सर्व मांडणी पुन्हा करवून घ्यावी. ती व्यक्ती वाटेत अडली, तर जेथे अडली तेथील मजकूर नोंदीत घालावा. शब्दसंग्रह करण्यात ज्यांची वर्षे गेली, त्यांचे श्रम संगणक बदलल्यामुळे अडकून पडू नयेत, याची दक्षता एवढ्याने घेता येते.