डोक्यावर तंबू घेतलेली जीप : भाड्याने घेताना आणि देताना

अडावद-उनपदेवच्या रस्त्याला किंवा पालकडे जाताना डोक्यावर मोठी चपटी पेटी घेतलेली एखादी जीप तुम्ही पाहिली असेल. संध्याकाळी ती कुठे तरी थांबते, पेटी उघडते, तिचा तंबू होतो, बाजूने शिडी खाली येते आणि माणसं वर झोपायला जातात. ही गाडी पुष्कळदा त्यांची स्वतःची नसते. दोन-तीन दिवसांसाठी भाड्याने घेतलेली असते आणि ड्रायव्हरही तेच असतात.

या गाड्यांवरून आमच्याकडे सध्या दोन तऱ्हेचे प्रश्न येतात. एक म्हणजे, "पोरगी-जावई पुण्याहून अशी गाडी घेऊन येणार म्हणतात, काळजीचं काही आहे का?" दुसरा जास्त मोठा आहे : "ताई, गटाच्या कर्जातून अशी एक गाडी घेऊन भाड्याने लावली तर?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे. दुसऱ्यासाठी आज थोडा जास्त वेळ घेणार आहोत, कारण त्यात कर्ज बाईच्या नावावर असतं.

आधी तंबूचं बोलू. आपल्याला ही कल्पना परकी नाही. ज्वारी हुरड्यावर आली की राखणीला शेतात माळा घालायचे ना, चार खांबांवर फळ्या टाकून, तसाच हा चाकांवरचा माळा. विंचू-काट्याची भीती नाही, ओल लागत नाही, वारा खेळता राहतो. आफ्रिकेत या तंबूंचं चलन फार आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रुगर अभयारण्यात १९२७ पासून लोक स्वतःची मोटार घेऊन जनावरं बघायला जातात. नामिबियातल्या इटोशा अभयारण्यातही तसंच. तिथे भाड्याच्या गाडीसोबत तंबू, गॅसची शेगडी, थंड पेटी, पाण्याचे कॅन, भांडीकुंडी असं सगळं मिळतं. पण तिथेही मनाला येईल तिथे थांबता येत नाही. सूर्य उगवला की फाटक उघडतं, मावळायच्या आत छावणीत परतायचं, ठरलेल्या जागेखेरीज गाडीतून पाय खाली ठेवायचा नाही. इटोशातल्या मोठ्या छावण्यांना तर कुंपणच आहे.

आपल्याकडचा नियम याहून कडक आहे, आणि नेमकं हेच शहरातून येणाऱ्यांना माहीत नसतं. यावल अभयारण्य १९६९ चं, शिरपूर तालुक्यातलं अनेर धरण अभयारण्य १९८६ चं. अभयारण्यात शिरायचं तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणे परवानगी लागते. आत आग पेटवणं हा गुन्हा आहे, मग ती चहापुरती तीन दगडांची चूल का असेना. अभयारण्याबाहेरचं राखीव जंगलही मोकळं रान नाही. तिथे १९२७ चा वन कायदा लागतो. म्हणजे गाडी कितीही दणकट असली आणि तंबू छतावर असला, तरी रात्री जंगलात मुक्काम टाकायचा तर वनखात्याला विचारावंच लागतं. पाड्याजवळ थांबायचं तर पाड्यालाही विचारावं. कायद्याचा कागद बाजूला ठेवला तरी कुणाच्या अंगणात न विचारता कोणी झोपत नाही. लेक-जावयाला एवढंच सांगा की मुक्कामाची जागा आधी ठरवून, परवानगी घेऊनच निघा.

आता फोर बाय फोर म्हणजे काय? साध्या गाडीत इंजिनाचा जोर दोनच चाकांना मिळतो, हिच्यात चारही चाकांना. वाळूत, सैल मुरमावर, घाटातल्या उखडलेल्या चढावर हिचा उपयोग होतो. पण चारही चाकांचा जोर डांबरी रस्त्यावर लावून ठेवायचा नसतो. मळणीची पात आठवा. तिवड्याजवळचा बैल थोडंच चालतो, बाहेरच्याला मोठा फेरा पडतो. गाडी वळते तेव्हा चाकांचंही तसंच होतं, काहींना जास्त अंतर कापावं लागतं. जीपसारख्या बहुतेक गाड्यांत फोर बाय फोर लावलं की पुढची आणि मागची चाकं एकाच वेगाने फिरायला बांधली जातात. सैल जमिनीवर ती थोडी घसरून जुळवून घेतात, डांबरावर घसरता येत नाही आणि सगळा ताण गिअरवर येतो. भाड्याच्या गाडीत असं बिघडलं की खर्च घेणाऱ्याच्या माथी.

दुसरं, पावसात भिजलेल्या आपल्या काळ्या मातीपुढे फोर बाय फोरचंही चालत नाही. चारही चाकांना चिखलाच्या भाकरी चिकटल्या की चारही जागेवर फिरतात. आणि सातपुड्यातून उतरणाऱ्या नाल्यांचं तुम्हाला आम्ही काय सांगावं! इथे ऊन असतं, वर डोंगरात पाऊस झालेला असतो आणि बघता बघता लोंढा येतो. नाल्याच्या पात्रातली वाळू तंबूला सपाट आणि छान दिसते, पण पावसाळ्यात तिथे गाडी उभी करायची नाही.

गाडी घेताना पहिल्यांदा नंबरप्लेट बघायची. पांढऱ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे खासगी गाडी. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे टॅक्सी, ड्रायव्हरसह भाड्याची. आणि काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे ड्रायव्हरशिवाय, आपण स्वतः चालवायला भाड्याने देता येणारी गाडी. पुण्याहून घेतलेल्या गाडीला काळी पाटी असेल, आरसी, विमा, पीयूसी जागेवर असेल, तर निम्मी काळजी मिटली. बाकीची अशी की ताब्यात घेताना गाडीभोवती आणि गाडीखालूनही मोबाइलवर चित्रीकरण करून ठेवायचं. टायर, काच, क्लच आणि गाडीचा तळ यांचं नुकसान कोणाकडे, हे करारात वाचायचं, कारण वाद होतो तो याच चार गोष्टींवर. जॅक, स्टेपनी आणि ओढायचा पट्टा आहे का, ते बघायचं. तंबू एकदा त्यांच्यासमोर उघडून मिटवून दाखवायला लावायचा. डोक्यावर साठ-सत्तर किलोचं ओझं असताना वळणावर गाडी जास्त कलते, म्हणून वेग कमी ठेवायचा.

आता दुसरा प्रश्न, गटाने गाडी घेऊन भाड्याने देण्याचा.

आमच्या एका गटातल्या ताईच्या दिराने आपली पांढऱ्या पाटीची जीप ओळखीतून तीन दिवसांसाठी दिली. घेणाऱ्यांनी ती उतारावर कलंडवली. माणसं वाचली, गाडीचा मात्र चुराडा. विमा पूर्ण भरलेला होता, तरी एक रुपया आला नाही. याचं कारण खासगी गाडीच्या पॉलिसीतच छापलेलं असतं : गाडी भाड्याने दिली तर विमा लागू नाही. आपण हप्ता भरतो, पावती कपाटात ठेवतो आणि ते पान कधी वाचत नाही.

इथे फक्त गाडीच गेली. कुणाचा जीव गेला असता तर? तेव्हा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर प्रकरण जातं. विमा कंपनीने आधी भरपाई द्यावी आणि मग ती मालकाकडून वसूल करावी, असा आदेश होऊ शकतो. मालक म्हणजे कोण, तर आरसी बुकावर नाव असेल ती व्यक्ती. गाडी कोण चालवत होतं, भाडं कोणाच्या खिशात गेलं, यावरून मालकाचं नाव बदलत नाही. आणि परवान्याशिवाय भाड्याचा धंदा केला म्हणून मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला १०,००० रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद आहे, ते वेगळंच.

आमची काळजी नेमकी इथे आहे. महिलांच्या नावाने कर्ज लवकर मिळतं, व्याजात सवलत मिळते, म्हणून घरचे म्हणतात, "गाडी तुझ्या नावावर घेऊ." गाडी बाईच्या नावावर आणि चावी पोराच्या खिशात. हप्ता थकला की बँकेचा माणूस बाईला शोधत येतो, नोटीसही तिलाच. आणि कर्ज गटाचं असेल तर बाकीच्या नऊ जणींच्या पतीलाही बट्टा लागतो.

मग काळी पाटी घ्यावी, असं कुणी म्हणेल. ती एकेका गाडीला सुटी मिळत नाही. त्यासाठी केंद्र सरकारची १९८९ ची रेंट-अ-कॅब योजना आहे आणि तिच्यात लायसन घ्यायला किमान ५० गाड्या लागतात. दुचाकीची योजना १९९७ ची, तिला पाच पुरतात. दहा बायकांच्या गटाला ५० गाड्या कुठून परवडणार? काही कंपन्या लोकांच्या गाड्या आपल्याकडे लावून घेतात. तशी कोणी ऑफर आणली तर पहिला प्रश्न विचारा : "माझी गाडी काळ्या पाटीवर, तुमच्या लायसनखाली नोंदवणार का? लेखी देता का?" समोरचा "पाटीचं नंतर बघू" म्हणाला की चहा पाजून वाटेला लावा.

आता हिशोब. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत, तुम्ही आपले घालून बघा. समजा १२ लाखांचं कर्ज, १० टक्के व्याज, सात वर्षं. हप्ता महिन्याला जवळपास २०,००० बसतो, वर्षाचे २,४०,०००. विमा, कर, टायर, सर्व्हिसिंग मिळून वर्षाला लाखभर धरा. झाले ३,४०,०००. दिवसाचं भाडं ४,००० मिळालं तर नुसती बरोबरी व्हायला वर्षात ८५ दिवस गाडी बाहेर राहायला हवी. आपल्याकडे हौशी लोक येतात ते शनिवार-रविवार. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत असे साधारण ३४ दिवस, जुलै ते सप्टेंबरात २६. एकूण ६०, तेही एकही सुटी रिकामी गेली नाही तर. एप्रिल-मे महिन्यात जळगावच्या उन्हात छतावरच्या तंबूत झोपायला कोण येणार? उरलेल्या २५ दिवसांचे एक लाख रुपये दरवर्षी घरातून घालावे लागतील, आणि यात तंबूची किंमत अजून धरलेलीच नाही.

तंबूसाठी छतावर लोखंडी सांगाडा वेल्ड करून घेण्याचाही विचार काही जण करतात. आरसी बुकात नोंदलेल्या गाडीच्या मूळ रचनेत मालकाला परस्पर बदल करता येत नाही, हे मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम. काढता-घालता येणारा कॅरिअरसुद्धा आरटीओला विचारून आणि छतावर किती किलो चालतं ते कंपनीच्या पुस्तकात बघूनच घ्यावा. कापडी टपावर तर तंबू थेट बसवता येत नाही.

मग आपल्याला यात काहीच नाही का? आहे, आणि ते त्या तंबूच्या शिडीखालीच आहे. कल्पना करा, दोन बायका, एक सात वर्षांचं पोर, एक साठीची आजी अशी माणसं वर झोपलीत. रात्री दोन वाजता आजीला उतरायचं आहे. शिडी उतरली, पुढे कुठे जाणार? एवढ्या महाग गाडीत सगळं असतं, संडास नसतो. तंबू उघडलेला असताना गाडी हलवताही येत नाही. वाटेत किराणा आणायचा तरी सगळा पसारा मिटवावा लागतो. म्हणून अशा लोकांना हवी असते ती सपाट, पाणी न साठणारी, कुंपण घातलेली जागा, दिवा, नळ, आतून कडी लागणारा स्वच्छ संडास, न्हाणी आणि गरम जेवण. डोंगराच्या पायथ्याशी गटातल्या कुणाचं खळं, कुणाचा मळा रस्त्याला लागून असेल, तर हे सगळं एका गाडीच्या किमतीच्या किती तरी कमी पैशांत उभं राहतं. गाडी त्यांची, विमा त्यांचा, तंबू त्यांचा. आपण जागेचं रात्रीचं भाडं घ्यायचं आणि ताटाचे पैसे वेगळे. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, ठेचा, शेवभाजी, सकाळी निघताना केळीचे वेफर आणि बिबड्यांचा पुडा. जंगलाच्या आडरस्त्याला जायचं असेल तर गावातल्याच पिवळ्या पाटीच्या गाडीवाल्याला सांगायचं, त्याचाही धंदा होतो.

यासाठी सरकारी आधारही आहे. राज्याच्या २०२० च्या कृषी पर्यटन धोरणात शेतकऱ्याला किमान एक एकर शेत असलं की केंद्राची नोंदणी करता येते. २०२३ मध्ये महिलांसाठी 'आई' नावाचं पर्यटन धोरण आलं. त्यात महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज १२ टक्क्यांच्या मर्यादेत परत मिळण्याची सोय आहे. मालकी खरी लागते आणि काम करणाऱ्यांत निम्म्या बायका लागतात. हे काम पर्यटन संचालनालयाकडे असतं, आपल्याला नाशिकचं विभागीय कार्यालय. जाण्याआधी सातबारा, आधार, बँक पासबुक आणि जागेचे चार फोटो बरोबर घ्या, आणि आजचे नियम तिथेच पुन्हा विचारून घ्या, कारण धोरणं बदलतात.

मुक्कामाला येणाऱ्याचं नाव, ओळखपत्र आणि गाडीचा नंबर वहीत लिहायचा. जागा भाड्याने देणाऱ्याने एवढं करायलाच हवं. पोलीस पाटलाच्या कानावर घालायचं. चूल पेटवायची ती आपल्या आवारात, तिथून निखारा जंगलात जाणार नाही याची जबाबदारी आपली. सोबत गरोदर बाई किंवा गुडघे दुखणारं माणूस असेल तर त्यांच्यासाठी खाली एक खाट टाकून ठेवायची, तिचे शंभर-दीडशे वेगळे घेतले तरी कोणी कुरकुरणार नाही. गाडी निघायच्या आधी जेवणाचे आणि जागेचे पैसे गटाच्या खात्यावर आलेले पाहायचे, आणि पावती द्यायची ती गटाच्याच नावाची.