नव्या इंजिनाचे पहिले हजार किलोमीटर

पंचायत समितीला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला नवे वाहन मिळाले की त्या दिवशी कार्यालयात उत्साहाचे वातावरण असते. वाहनाला हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात. खासगी मोटार असेल तर दुसऱ्याच दिवशी कुटुंब कुलदैवताच्या दर्शनास निघते. पुण्याहून तुळजापूर म्हणजे तीनशे किलोमीटरांच्या आसपासचा प्रवास. रस्ता प्रशस्त, गाडी नवी. त्यामुळे वेगाचा काटा एकाच आकड्यावर तासन् तास स्थिर राहतो. श्रद्धेविषयी तक्रार नाही. परंतु इंजिनाच्या दृष्टीने ही सुरुवात चांगली नव्हे.

कारखान्यातून बाहेर पडलेल्या इंजिनाचे शेवटचे काम रस्त्यावर व्हावयाचे असते. सिलिंडरच्या आतील भिंतीवर मुद्दाम आडव्यातिडव्या सूक्ष्म रेषा काढलेल्या असतात. त्या रेषांत वंगण टिकून राहते, आणि त्यांच्या कडेचे उंचवटे दट्ट्याच्या कड्यांशी, म्हणजे पिस्टन रिंगांशी, घासून हळूहळू सपाट होतात. कडी व भिंत एकमेकींशी नीट जुळली की ज्वलनाचा वायू खाली निसटत नाही व वंगण वर चढत नाही. नव्याने टाकी लावलेले जाते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सहज उमजेल. त्यावरचे पहिले मूठ-दोन मुठी दळण टाकून द्यावे लागे, कारण त्यात दगडाची कच उतरत असे. इंजिनातली कच म्हणजे धातूचे सूक्ष्म कण होत. ते वंगणात मिसळतात व फिल्टरमध्ये अडकतात.

नव्या इंजिनावर फार भार टाकू नये, हे बहुतेकांना ठाऊक असते. दट्ट्या ॲल्युमिनियमचा असतो आणि तेवढ्याच उष्णतामानाला तो बिडाच्या सिलिंडरपेक्षा सुमारे दुप्पट प्रसरण पावतो. भरलेली गाडी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून घाटात चढविली, तर वंगणाचा पातळ थर तुटून भिंतीवर ओरखडे पडण्याचा संभव असतो.

याच्या उलट चूक मात्र सज्जन माणसांकडून होते. "गाडी जपून चालवा" असे चालकाला बजावले जाते. मग तो वरच्या गिअरमध्ये तीसच्या वेगाने गाडी रेटतो, किंवा सकाळी दहा-दहा मिनिटे इंजिन जागच्या जागी चालू ठेवतो. कडीला भिंतीवर दाबून धरण्याचे काम मुख्यतः ज्वलनाच्या वायूचा दाब करीत असतो. भारच नसेल तर हा दाब कमी पडतो, कडी नीट बसत नाही, आणि भिंत काचेसारखी गुळगुळीत होते. असे इंजिन पुढे वंगण जाळू लागते व निळसर धूर सोडते. तो दोष नुसत्या तेलबदलाने जात नाही. इंजिन उघडावे लागते.

म्हणून पहिल्या सुमारे हजार किलोमीटरांत वेग बदलता ठेवावा, गिअर वेळेवर बदलावेत, इंजिनाला मध्यम भार मिळू द्यावा. लांबचा प्रवास अटळ असल्यास मधूनमधून वेग कमी-अधिक करावा. मागे दुसरे वाहन ओढू नये. टायर व ब्रेकही नवेच असल्याने पहिली दोन-तीनशे किलोमीटर एकदम ब्रेक दाबण्याचा प्रसंग शक्यतो टाळावा. रुग्णवाहिकेची गोष्ट अर्थातच वेगळी. रुग्ण आत असताना इंजिनाचा विचार करावयाचा नसतो.

आजची यंत्रे पूर्वीपेक्षा पुष्कळच अचूक घडविलेली असतात, त्यामुळे ही काळजी सौम्य झाली आहे, संपलेली नाही. पहिल्या तपासणीस तेल बदलावयाचे की नाही, हे त्या वाहनाच्या पुस्तिकेत पाहावे; ऐकीव सल्ल्यावर वेगळे औषधी तेल ओतू नये. याच काळात नव्या इंजिनाला वंगण थोडे अधिक लागू शकते. तेव्हा आठवड्यातून एकदा, सपाट जागी व इंजिन थंड असताना, तेलाची पट्टी काढून पाहावी आणि पातळीची नोंद किलोमीटरच्या आकड्यासह लॉगबुकात करावी.