कवड्या डोंगरावरचा उद्याचा वारा

पुणे-नगर रस्त्यावर सुपा जवळ आलं की बसमधली पोरं पवनचक्क्या मोजू लागतात. कवड्या डोंगराच्या माथ्यावर पाती कधी गरगर फिरतात, कधी नुसती उभी. ती उद्या किती फिरतील हे आजच लिहून द्यावं लागतं, हे खिडकीतून दिसत नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार वाऱ्याच्या विजेचं वेळापत्रक आदल्या दिवशी राज्य भार प्रेषण केंद्राला कळवायचं. तेही दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे पाडून. अंदाज ठरावीक मर्यादेपलीकडे चुकला की पैसे भरायचे.

मग अंदाज बांधायचा कसा? सगळ्यात सोपी रीत म्हणजे आता जो वारा आहे तोच पुढच्या पाव तासाला धरायचा. हसू नका, तास-अर्ध्या तासापुरती ही रीत मोठमोठ्या गणितांना दमवते. दुसरी रीत भारित सरासरीची. समजा, अंदाज होता सेकंदाला ६ मीटरचा आणि वारा निघाला ८ चा. चूक २ ची. तिचा ३० टक्के हिस्सा जुन्या अंदाजात मिळवला की नवा अंदाज ६.६. वारा ८ वरच राहिला तर पुढचा अंदाज ७.०२. म्हणजे रीत शिकते, पण बैलगाडीच्या चालीने. १९५७ मध्ये चार्ल्स होल्ट यांनी तिला चढ-उताराचा कल जोडला, १९६० मध्ये पीटर विंटर्स यांनी ऋतुचक्राची भर पक्की केली. आपल्याकडे ते चक्र ठळक आहे: जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा दांडगा वारा, ऑक्टोबरात पडझड.

खरी गोम पुढे आहे. चक्की पूर्ण क्षमतेला पोचेपर्यंत वाऱ्यातली ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग दहा टक्क्यांनी जास्त धरला, तर ताकद तेहतीस टक्क्यांनी जास्त धरली जाते. अंदाजातली बारीकशी चूक विजेच्या आकड्यात अशी फुगते. म्हणून उद्यासाठी नुसती जुनी नोंद पुरत नाही, हवामानाच्या प्रारूपांचे आकडे घ्यावेच लागतात. जुन्या नोंदी मग त्या प्रारूपाची खोड ओळखायला कामी येतात. या डोंगरावर ते नेहमी कमी सांगतं का, की संध्याकाळीच चुकतं?

दसऱ्यानंतर पाती निवांत असतात. तेव्हा अंदाज सहज बरोबर येतो. विकायला वीज मात्र फारशी नसते.