त्वचेच्या आंत पाहणारें भिंग

आपल्या त्वचेंत रंगद्रव्य निर्माण करणाऱ्या पेशी असतात. तीळ म्हणजे बहुधा अशा पेशींचा निरुपद्रवी पुंजका होय. परंतु क्वचित् ह्या पेशी अनिर्बंध वाढूं लागतात. त्या रोगास मेलॅनोमा म्हणतात. त्वचेच्या कर्करोगांत हा विशेष घातक, कारण तो खोल शिरून इतर अवयवांत पसरतो. उथळ आहे तोंच कापून काढिला, तर रोगी बहुधा बरा होतो. म्हणून सारा प्रश्न वेळीं ओळखण्याचा आहे.

नुसत्या डोळ्यांस ही ओळख कठीण जाते. तळ्याच्या पाण्यावर ऊन चमकत असतां तळ दिसत नाहीं, तसेंच त्वचेचें आहे. यासाठीं वैद्य डर्मोस्कोप वापरितात. दिवा जोडलेलें, सुमारें दहापट मोठें दाखविणारें हें हातभिंग होय. त्वचेवर तेलाचा थेंब ठेवून, अथवा विशिष्ट रीतीनें गाळलेला प्रकाश टाकून, ती चमक घालवितात. मग आंतील रंगाची रचना स्पष्ट दिसते. १९२० सालीं जर्मनींत योहान साफियर यांनीं या पाहणीस ‘डर्मॅटोस्कोपी’ हें नांव दिलें.

गौरवर्णीयांच्या मानानें आपणांत हा रोग विरळा. परंतु झाल्यास तो पुष्कळदां तळपायावर, तळहातावर किंवा नखाखालीं होतो. जमैकाचे विख्यात गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखालीं तो १९७७ सालीं आढळला, आणि १९८१ सालीं, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.

तळपायाची त्वचा भिंगांतून सरी-वरंब्यांच्या शेतासारखी दिसते. साध्या तिळाचा रंग बहुधा सरींतून धांवतो. मेलॅनोमाचा रंग वरंब्यांवर पसरतो. जपानी वैद्यांनीं हा भेद दाखवून दिला. तथापि भिंग केवळ संशय दृढ अथवा दूर करितें. अखेरचा निर्णय डागाचा छेद घेऊन सूक्ष्मदर्शकाखालीं तपासल्यावरच होतो.

हें भिंग घरोघरीं नसतें. पण वैद्याकडे जाण्याची बुद्धि घरींच व्हावी लागते. मुलांनीं आपल्या वडीलधाऱ्यांच्या तळपायांकडेहि कधीं पाहावें. एखादा डाग वाढूं लागला, त्याची कड वेडीवांकडी झाली, रंग पालटला किंवा त्यांतून रक्त आलें, तर त्यास चुना लावूं नये वा खरवडूं नये. नखाखालचें साकळलेलें रक्त नखाबरोबर पुढें सरकतें. काळा पट्टा तेथेंच राहून रुंदावत असेल, तर तो केवळ मार नव्हे असें समजावें. अशा वेळीं विनाविलंब त्वचारोगतज्ज्ञांस दाखवावें, अशी आम्ही पालकांस आग्रहाची विनंती करितों.