सुपीरियरच्या काठाने, एकट्याने

मिनेसोटातल्या डुलुथपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत हायवे ६१ सुमारे २५० किलोमीटर. उजव्या हाताला सुपीरियर सरोवर : ८२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या चतुर्थांशाहून मोठं. पाणी ऑगस्टमध्येही गारठवणारं, पोहायचा मोह आवरलेला बरा.

आतल्या बाउंड्री वॉटर्स अरण्यात हजारावर तळी आहेत. १ मे ते ३० सप्टेंबर तिथे मुक्कामाचे परवाने मोजकेच मिळतात, आधीच काढावेत. काळी अस्वलं फिरतात, त्यामुळे खाणं तंबूत ठेवू नये. टूथपेस्टसुद्धा नाही! सरपण घरून नेऊ नये, तिथलंच घ्यावं. लाकडातून ॲशची झाडं पोखरणारे भुंगेरे पसरतात. मोबाइलला बरेचदा रेंज नसते, म्हणून कागदी नकाशा हवाच. जूनमध्ये जाणार असाल तर डासांसाठी डोक्यावरची जाळीही.