जुन्या जीपची पुसट अक्षरं: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धानोऱ्याहून मुरूमगावकडे जाणाऱ्या जंगलरस्त्यावर उघड्या जीपला चार महिने पाऊस, दोन-तीन महिने भाजून काढणारं ऊन आणि उरलेला काळ धूळ खावी लागते. अशा गाडीतल्या बटणांवरची अक्षरं दिसेनाशी झाली की मालक म्हणतो, ‘अक्षर उडालं.’ इथंच पहिली चूक होते आणि पुढचे सगळे गैरसमज तिच्याच पोटातून निघतात. पुष्कळदा उडालेला असतो तो फक्त रंग. जुन्या बेकेलाइटच्या किंवा जाड प्लास्टिकच्या बटणांवर अक्षर साच्यातच खोदलेलं असे आणि त्या खाचेत पांढरा रंग भरलेला असे. रंग निघाला, खाच काळ्या मळाने बुजली, की अक्षर नाहीसं झाल्यासारखं वाटतं. बॅटरीचा उजेड तिरका पाडला किंवा नखाचं टोक अलगद फिरवलं, की खाच लगेच कळते. अक्षर गिरवायचं की नाही हे त्यानंतर ठरवावं, कारण ते मुळात कसं घडवलं होतं यावरच ते परत कसं आणायचं हे अवलंबून असतं.

खोदलेलं अक्षर बारीक ब्रशने गिरवणं म्हणजे सोपं काम अवघड करणं. पेंटरचा हात कितीही स्थिर असला तरी पाच-सहा मिलिमीटरच्या अक्षराची कड मूळ साच्याइतकी नेमकी येत नाही. आणि ती येण्याची गरजही नसते, कारण कड खाचेनेच आखून ठेवलेली आहे. बटण साबणाच्या कोमट पाण्याने धुवावं, लाकडी टूथपिकने मळ काढावा, पूर्ण वाळू द्यावं आणि मग रंग खाचेत दाबून भरावा, बाहेर सांडला तरी हरकत नाही. तो किंचित आळला की जाड पुठ्ठ्याच्या तुकड्याला सुती कापड ताणून गुंडाळावं आणि अक्षरावरून आडवं पुसावं. बोटाने पुसलं तर कापड खाचेत उतरतं आणि भरलेला रंगही घेऊन येतं. प्लास्टिकच्या बटणाला पाण्यात मिसळणारा ॲक्रिलिक रंग बरा, ओला असताना तो ओल्या फडक्यानेच निघतो. जीपच्या डॅशबोर्डावर गिअरचे आणि फोर-व्हीलच्या लिव्हरचे नकाशे दाखवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचं मात्र बरोबर उलटं असतं. त्यातल्या बऱ्याच पट्ट्यांवर अक्षर उठावाचं असतं आणि रंग भोवतालच्या जमिनीला असतो. तिथे अख्ख्या पट्टीला काळा रंग द्यायचा, पूर्ण वाळू द्यायचा आणि सपाट लाकडी ठोकळ्याला बारीक पॉलिश पेपर लावून फक्त वरचा थर घासायचा. अक्षरं धातूच्या रंगात आपोआप वर येतात.

छापलेलं अक्षर ही तिसरी जात, आणि इथे खरोखरच अक्षर उडतं. हाताला खाच लागत नसेल, तर पाण्यात भिजवून चिकटवायची छापील पारदर्शक डेकल आणि तिच्यावर क्लिअर लॅकरचा हलका थर, हाच प्रामाणिक मार्ग. उरलेलं अक्षर वाचवायचं असेल तर थिनर जवळही नको. बेकेलाइट थिनरला सहज दाद देत नाही, पण एबीएससारखं प्लास्टिक त्यात मऊ पडतं, चिकट होतं आणि छाप आधी निघते. टूथपेस्टने चकाकी येते खरी, पण तिच्यातले कण छापही खरवडतात. खोबरेल तेलाने काळेपणा परत आल्यासारखा दिसतो तो पृष्ठभाग ओला असेपर्यंतच. नंतर त्यावर धूळ बसते आणि नवा रंग धरत नाही. सगळा दोष उन्हावर टाकणंही बरोबर नाही. एकाच डॅशबोर्डावर, एकाच उन्हात असलेलं रोजचं दिव्याचं बटण झिजलेलं असतं आणि क्वचित ओढला जाणारा चोक जवळजवळ नव्यासारखा असतो. ऊन प्लास्टिक पांढुरकं करतं, पांढरा रंग पिवळा करतं. अक्षर घासून काढतात ते घाम आणि धूळ लागलेले हात.

काही जण म्हणतात, गाडी हाताच्या सवयीने चालते, अक्षरं कशाला? सवय एका चालकाची असते. रात्री दुसरा माणूस बसला, पाऊस पडतोय, चिखल आहे आणि सारखीच काळी बटणं ओळीने समोर आहेत, तेव्हा लिखाण लागतंच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: नवा रंग भरला की गाडीचा अस्सलपणा जातो. छापील अक्षराबाबत तो मला मान्य आहे. निम्मं टिकलेलं असेल तर त्याला हात न लावलेलाच बरा. खाचेतला रंग मात्र टूथपिकने पुन्हा काढता येतो आणि मूळ साच्याला त्याने धक्का लागत नाही. चासी नंबर मात्र या हौसेतून वगळावा. तिथे कानस किंवा पंच चालवणं हा कायद्याचा मामला आहे.

एका ठिकाणी हौस बाजूलाच ठेवलेली बरी. दुसऱ्या महायुद्धातल्या अनेक लष्करी जीपच्या मीटरवरचे आकडे आणि काटे खऱ्या रेडियमयुक्त रंगाने रंगवलेले असत. नंबर प्लेटला लावतात त्या चकाकणाऱ्या पट्टीला आपण रेडियम म्हणतो, पण त्यात रेडियम नसतं. या नावामुळे खऱ्या रेडियमचा धोकाही क्षुल्लक वाटतो. आकडे अंधारात चमकत नाहीत म्हणजे ते निकामी झाले, असंही समजलं जातं. प्रत्यक्षात थकतं ते चमक देणारं झिंक सल्फाइड. रेडियम निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. मीटरची काच उघडून ते आकडे खरवडले की त्यांची धूळ श्वासातून थेट शरीरात जाते. असं मीटर बंदच ठेवावं आणि आकडा पुसट दिसला तर पुसटच वाचावा.