स्नायू ओढतात, हाडे घडतात

वेरूळचे कैलास मंदिर कारागिरांनी डोंगराच्या माथ्यापासून खाली कोरत आणले. एकदा काढलेला दगड त्यांना पुन्हा बसवता येत नव्हता. तुमची हाडे मात्र सतत कोरलीही जातात आणि भरलीही जातात. काही पेशी जुने हाड विरघळवतात, तर काही नवे घालतात.

भर कोठे घालायची, हे त्यांना कोण सांगते? बरेचसे स्नायूच! तुम्ही धावता, उडी मारता, तेव्हा स्नायू हाडांना ओढतात आणि हाड अगदी किंचित वाकते. हाडात रुतून बसलेल्या पेशींना हा ताण कळतो व तेथे भर पडते. भाराप्रमाणे हाडाची घडण बदलते, हे युलियस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२ साली मांडले. टेनिसपटूच्या खेळत्या हाताचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते, ते यामुळेच.

मग लठ्ठ मुलाची हाडे अधिक बळकट हवीत, नाही का? वजन तर जास्त! शंका रास्त आहे, आणि वजनाचा थोडा फायदा होतोही. पण मेद हाडाला ओढत नाही. मेद वाढला आणि स्नायू मागे राहिले, तर हाडाची ताकद वजनाच्या मानाने अपुरी पडते. असे मूल हातावर पडले, की मनगटाजवळच्या हाडाला मोठा दणका बसतो. शिवाय कॅल्शियम शोषून घ्यायला लागणारे ‘ड’ जीवनसत्त्व मेदात अडकून राहते, रक्तात कमी उरते.

वेरूळच्या एकविसाव्या लेण्यात तुंदिलतनू गणपती आहे आणि सांगाड्यासारखे काल-कालीही आहेत. आपल्याकडे ही दोन्ही रूपे एकाच देहात नांदू शकतात! पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत पाहणी केली. तेथील नवजात बाळांचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. आपल्या बाळांत स्नायू बरेच कमी होते. कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. तेव्हा वजनकाट्यावर फार विसंबू नका. किरकोळ अंगाच्या मुलातही मेद जास्त आणि स्नायू कमी असू शकतात.

प्रौढपणीच्या हाडांतील खनिजांपैकी सुमारे पाव हिस्सा उंची झपाट्याने वाढण्याच्या काळातल्या अवघ्या दोन वर्षांत जमा होतो. मुलींत ही वेळ साधारण बाराव्या-तेराव्या वर्षी येते, मुलांत वर्ष-दीड वर्षाने उशिरा. त्या काळात खो-खो, लंगडी, दोरीवरच्या उड्या फार उपयोगी. पोहण्यानेही स्नायू बनतात; पण पाणी शरीराचा भार झेलते, म्हणून हाडांच्या हिशेबात लंगडी पोहण्याच्या पुढे!